पंचावन्नची अट आणि तिचा हिशोब

ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलात फ्लॅट बघायला गेलं की सेल्स ऑफिसात आधी चहा येतो, मग चौरस फुटाचा दर. दरावर घासाघीस करण्यात आपण पटाईत, त्यामुळे बोलणं तिथेच रंगतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. पण या घरांमध्ये पुढची वीस वर्षं खिसा रिकामा करणाऱ्या गोष्टी दरपत्रकात नसतात. त्या करारनाम्याच्या मागच्या पानांवर असतात, आणि त्यातली पहिली म्हणजे वयाची अट.

महाराष्ट्रात ही बाजारपेठ सगळ्यात ठळक दिसते ती पुण्यात. परांजपे स्कीम्सची 'अथश्री' संकुलं या शतकाच्या सुरुवातीपासून इथे आहेत. राजस्थानातल्या भिवाडीत ज्येष्ठांचं संकुल उभारणाऱ्या 'आशियाना'नं पुढे लवासात आपलं 'उत्सव' आणलं. परदेशातली मुलं, जिना न झेपणारे गुडघे आणि कोथरूड-सदाशिव पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती, या तिन्हींमुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. म्हणूनच घेणाऱ्यानं जरा थांबून हिशोब केलेला बरा.

अट नेमकी काय असते

बहुतेक संकुलांत अट 55 वर्षांची असते. कायद्यानं ज्येष्ठ नागरिक 60 ला होतो, पण बिल्डरला निवृत्तीच्या उंबरठ्यावरचं, अजून पगार चालू असलेलं गिऱ्हाईकही हवं असतं. नवरा-बायकोपैकी एकानं 55 ओलांडलेली असली की साधारणपणे चालतं. फ्लॅट चाळिशीतल्या मुलाच्या नावावर असू शकतो. मात्र तिथे राहायचं आईवडिलांनी. मुलगा, सून, नातवंडं येऊ शकतात, पण पाहुणे म्हणून आणि ठरावीक दिवसांपुरती. ते दिवस किती, सलग की वर्षाचे मिळून, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. अमेरिकेतली मुलगी जून-जुलैत दोन मुलं घेऊन सहा आठवडे येते, हे जिथे गृहीत आहे त्या घरानं तरी हा आकडा बघितल्याशिवाय सही करू नये.

या अटीवरून वाद जुना आहे. बाजूनं बोलणारे म्हणतात की इथे शांतता असते, दार-पायरी-न्हाणीघर म्हाताऱ्या पायांचा विचार करून बांधलेलं असतं, सकाळी फिरायला आणि संध्याकाळी पत्त्यांना बरोबरीचं माणूस मिळतं. विरोधातले विचारतात, मुलांचा आवाज नसलेल्या वसाहतीत माणूस जगतो की दिवस मोजतो? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला त्यापेक्षा एक रोखठोक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळे शेजारी एकदम म्हातारे होत जातात. साठीत उत्साहानं सोसायटीचं सेक्रेटरीपद घेणारे गृहस्थ पंच्याहत्तरीत वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराशी भांडत बसतील का? साध्या सोसायटीत चाळिशीतलं कोणीतरी पुढे येतं. इथे त्या जागी पगारी व्यवस्थापक लागतो आणि तो पगार तुमच्या मेंटेनन्समधून जातो.

अमेरिकेत या अटीला कायद्याची चौकट आहे. 1988 पासून तिथे लहान मुलं आहेत म्हणून कुटुंबाला घर नाकारता येत नाही. अपवाद ज्येष्ठांच्या वसाहतींचा. 1995 च्या कायद्यानुसार 55 च्या वसाहतीत निदान 80 टक्के वसलेल्या घरांत 55 च्या वरचा एक तरी माणूस असला की पुरे. उरलेल्या घरांमुळे वारसाला किंवा तरुण जोडीदाराला वाट ठेवता येते. ॲरिझोनातलं यंगटाउन हे 1954 मध्ये वसवलेलं गाव अशा वसाहतींचं आद्य उदाहरण. तिथे आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या एका किशोरवयीन नातवाला गावानं हरकत घेतली. प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि 1998 मध्ये वयाची अटच गेली.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. अट उभी असते ती करारनाम्यावर आणि पुढे सोसायटीच्या उपविधींवर. सभासदत्वावर बंधन घालणारा उपविधी चालतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात आला होता, आणि न्यायालयानं उपविधीच्या बाजूनं कौल दिला. महाराष्ट्राचा सहकार कायदा मात्र असंही सांगतो की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. म्हणजे वयाची अट मंजूर उपविधीत लिहिलेली आहे की नुसती बिल्डरच्या माहितीपत्रकात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. अट हवी असणाऱ्यानंही हे विचारावं. नाहीतर 55 ची वसाहत म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि दहा वर्षांनी शेजारच्या फ्लॅटमध्ये आयटीतली चार पोरं राहायला यायची.

घेतानाचा खर्च

हिशोबासाठी पुणे महापालिका हद्दीतला 70 लाखांचा, बांधकाम चालू असलेला वन बीएचके धरू. मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. जीएसटी 5 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. एकूण 8 लाख 70 हजार रुपये किमतीच्या वर गेले. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी नाही, खर्च 5 लाख 20 हजारांवर येतो. फ्लॅट फक्त बाईच्या नावानं घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. इथे 70 हजार वाचतात. जोडनावावर ती मिळत नाही. फ्लॅट 45 लाखांच्या आत आणि पुण्यासारख्या ठिकाणी 90 चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर जीएसटी 1 टक्काच.

याखेरीज क्लब हाउस, पार्किंग, एक-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स आणि 'कॉर्पस' नावाची एक ठोक रक्कम असते. कॉर्पसबद्दल नीट विचारा. ती कुणाच्या खात्यात राहणार, व्याज कुठे जाणार, सोसायटी झाल्यावर तिच्याकडे वर्ग होणार का, आणि फ्लॅट विकला तर परत मिळणार का. उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असं समजा.

नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यानं बिल्डरला मनाई आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चानं. महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी खास निकषही घातले: व्हीलचेअर मावेल अशी लिफ्ट, निदान 900 मिलिमीटर रुंदीची दारं, उतार, कठडे वगैरे, आणि ते विक्री करारनाम्यात आले पाहिजेत. प्रकल्प 'सीनियर लिव्हिंग' म्हणून विकला जात असेल आणि करारात हे काही नसेल, तर तो साधा वन बीएचके आहे, फक्त बाकं जास्त टाकली आहेत. मोजपट्टी घेऊन जा. न्हाणीघराचं दार मोजताना संकोच वाटायचं कारण नाही.

जुनं घर विकून हे घेणार असाल तर प्राप्तिकराची एक मेख आहे. घर विकून झालेला दीर्घकालीन नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर त्यावरचा कर वाचतो. पण काही संकुलं फ्लॅट विकत नाहीत. मोठं डिपॉझिट घेऊन राहू देतात. डिपॉझिट म्हणजे घर विकत घेणं नव्हे, त्यामुळे ही सवलत त्याला मिळत नाही. दुसरं म्हणजे, सवलत घेऊन घेतलेलं नवं घर तीन वर्षांत विकलं तर वाचलेला कर अंगावर येतो. चार महिन्यांत लक्षात आलं की इथे मन रमत नाही, तरी तीन वर्षं अडकलात.

दरमहाचं बिल

इथे खरा पैसा जातो. साध्या सोसायटीत मेंटेनन्स म्हणजे वॉचमन, पाणी, लिफ्ट, झाडू. इथे त्यात परिचारिका, रुग्णवाहिका, घरातली साफसफाई, कार्यक्रम, कधीकधी जेवण धरलेलं असतं. जेवण धरलेलं असेल तर विचारा: पंधरा दिवस मुलाकडे गेलो तर पैसे वळते होणार का? आणि पथ्याचं, आळणी, मधुमेह्याचं जेवण त्याच पैशांत की वेगळ्या?

जीएसटीचा घोळ इथेही आहे. सोसायटीनं सभासदाकडून घेतलेला मेंटेनन्स महिना 7,500 रुपयांपर्यंत करमुक्त आहे. समजा बिल 12,000 आहे. जीएसटी खात्याचं म्हणणं, 7,500 ओलांडले की अख्ख्या रकमेवर 18 टक्के, म्हणजे 2,160 रुपये. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये म्हटलं, फक्त वरच्या रकमेवर, म्हणजे 810. महिन्याला 1,350 रुपयांचा फरक. तुमच्या संकुलात कुठली पद्धत चालते ते विचारा. आणि सेवा सोसायटी न देता बिल्डरची वेगळी कंपनी देत असेल, तर ती 7,500 ची सवलत लावत नाही. याउलट, आयकर खात्याकडे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात 60 वरच्या माणसाचं राहणं-खाणं धरून महिना 25,000 पर्यंतचं शुल्क जीएसटीमुक्त आहे. 'वृद्धाश्रम' म्हटलं की आपल्या घरात अजून आवाज खाली जातो. महाराष्ट्रात चांगल्या चाललेल्या धर्मादाय वृद्धाश्रमांची मोठी परंपरा आहे, आणि हिशोबाच्या दृष्टीनं ते पुष्कळदा या चकचकीत संकुलांपेक्षा सरस ठरतात. एकदा जाऊन बघायला हरकत नाही.

वाढीचं काय? आज मेंटेनन्स, जेवण आणि सेवा मिळून 20,000 लागतात असं धरा. दरवर्षी 8 टक्के वाढ झाली तर दहा वर्षांनी हे 43,000 होतात, पंधरा वर्षांनी 63,000. वाढ 10 टक्के असेल तर दहा वर्षांनीच 52,000 च्या आसपास. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला 30 लाखच ठेवता येतात, 8.2 टक्क्यांनी त्याचे महिन्याला 20,500 पडतात, आणि ते पाच वर्षं तेवढेच राहतात. पहिल्या महिन्याला बरोबर जुळलेला हिशोब 8 टक्के वाढीनंही पाच वर्षांनी जवळजवळ नऊ हजारांनी कमी पडतो.

आणखी एक गंमत बघा. आरोग्य विम्याचा हप्ता ज्येष्ठांसाठी वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर विमा कंपनीला 2025 पासून आधी नियामकाशी बोलावं लागतं. ज्येष्ठांच्या संकुलातलं सेवाशुल्क किती वाढवायचं यावर असा कुठलाच लगाम नाही. लगाम तुम्ही करारात घातला तरच. वार्षिक वाढीची कमाल टक्केवारी किंवा महागाई निर्देशांकाशी बांधलेला दर, यांपैकी काहीतरी लिहून घ्या. मागच्या पाच वर्षांची बिलं तिथल्या रहिवाशाकडून मागून बघा, सेल्सवाल्याकडून नव्हे.

अंथरूण धरल्यावर

लोक अशा ठिकाणी जातात ते 'उद्या काही झालं तर' या काळजीनं. आणि नेमकं तेच बहुतेक संकुलांच्या सेवेत नसतं. ही घरं स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असतात. पडल्यावर बटण दाबलं तर परिचारिका येईल, रक्तदाब बघेल, रुग्णवाहिका बोलावेल. (108 ची सरकारी रुग्णवाहिका तुमच्या आताच्या घरीही फुकट येते.) खुब्याचं हाड मोडून तुम्ही तीन महिने पडून राहिलात, तर आंघोळ घालायला, कूस बदलायला माणूस तुम्हीच आणायचा. ब्युरोची चोवीस तासांची बाई महिना 25,000 धरा. म्हणजे 20,000 चं बिल 45,000 झालं. तिच्या जेवणाचे वेगळे, आणि तिनं रात्री कुठे झोपायचं हा वन बीएचकेतला प्रश्न आहेच.

काही करारांत असंही कलम असतं की रहिवासी स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, त्याला स्मृतिभ्रंश झाला असेल, तर व्यवस्थापन त्याला दुसरीकडे हलवायला सांगू शकतं. ज्या दिवसासाठी घर घेतलं त्याच दिवशी घर सोडायचं! हे कलम शोधा. 'सहाय्यित निवास' किंवा शुश्रूषा केंद्र त्याच आवारात असेल तर तिथे आजचा दर काय, जागा राखीव मिळते का, आणि तिकडे गेल्यावर मूळ फ्लॅटचा मेंटेनन्स चालूच राहतो का, हेही. नवरा तिकडे आणि बायको इकडे असं झालं तर दोन्ही बिलं भरायची असतात.

केंद्र सरकारनं 2019 मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शिका काढली. बिल्डर, घर घेणारा आणि सेवा देणारी संस्था असा त्रिपक्षीय करार व्हावा, ही त्यातली कामाची शिफारस. त्यामुळे उद्या सेवा बंद पडली तर बिल्डर 'ते त्यांच्याकडे विचारा' म्हणून हात झटकू शकत नाही. तुमच्या करारात तीन सह्या आहेत का बघा.

हॉस्पिटल किती लांब, हे नकाशावर न बघता संध्याकाळी सातच्या गर्दीत गाडी घेऊन बघा. शहरापासून दूर, डोंगरात, हवा छान अशा ठिकाणी आजूबाजूचं गाव कोण चालवतं याचाही विचार हवा. लवासा वसवणारी कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. तुमच्या संकुलाचा बिल्डर कितीही सचोटीचा असो, रस्ते, दुकानं, दवाखाना त्याच्या हातात नसतात.

तुमच्यानंतर

वयाच्या अटीची किंमत शेवटी वारसाला मोजावी लागते. मुलगा 48 चा असेल तर फ्लॅट त्याच्या मालकीचा होईल, पण त्याला तिथे राहता येणार नाही. भाड्यानं द्यायचा तर 55 वरचा भाडेकरू शोधायचा, विकायचा तर 55 वरचा खरेदीदार, किंवा आईवडिलांना ठेवणारा. गिऱ्हाइकं कमी म्हणजे भाव कमी आणि वेळ जास्त. तोवर बंद फ्लॅटचा 12,000 मेंटेनन्स धरला तर वर्षाला 1 लाख 44 हजार. बंद फ्लॅटवर जेवणा-सेवेचं शुल्क माफ होतं का, हे कलम याच दिवसासाठी हवं.

विकताना बिल्डर किंवा व्यवस्थापन किमतीच्या काही टक्के हस्तांतरण शुल्क मागत असेल तर सावध व्हा. सहकारी गृहनिर्माण संस्थेला महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य 25,000 रुपयांहून जास्त घेता येत नाही, आणि फ्लॅट भाड्यानं दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नाही. ही दोन्ही बंधनं 2001 पासूनची आहेत. पण ती सहकारी संस्थेला आहेत. काही संकुलं सहकारी सोसायटी न करता अपार्टमेंट कायद्याखाली जातात किंवा सेवा कंपनीच्या हाती ठेवतात, त्यामागचं एक कारण हेही असू शकतं. 'सोसायटी होणार ना?' हा प्रश्न म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचा.

आणि जुनं घर मुलांच्या नावावर करून इकडे यायचं ठरत असेल, तर बक्षीसपत्रात 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे लिहाच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अट मोडली तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली असली की भांडण सोपं जातं.

मग करायचं काय

विकत घेऊ नका. आधी भाड्यानं राहा. वरच्या उदाहरणातले 8 लाख 70 हजार रुपये म्हणजे 18,000 रुपये भाड्याची चार वर्षं. लिव्ह अँड लायसन्सचा खर्च अगदी किरकोळ: 18,000 भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर वर्षाच्या करारावर मुद्रांक शुल्क 565 रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000. नोंदणी मात्र कराच. वर्षभरात एक पावसाळा, एक दिवाळी आणि एखादं आजारपण तिथे काढलं की माहितीपत्रकात नसलेलं सगळं कळतं. डिपॉझिटवर राहायचं असेल तर त्याचंही भाडं काढा: 25 लाखांवर 7 टक्क्यांनी बुडणारं व्याज महिना 14,500 च्या पुढे जातं.

पुण्या-मुंबईत ज्यांची जुनी सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, त्यांना तर ही संधी आयती आली आहे. तीन वर्षं बिल्डर भाडं देणारच आहे. ते कुठल्याशा आडबाजूच्या फ्लॅटवर घालवण्यापेक्षा ज्येष्ठांच्या संकुलात राहून बघा. आवडलं तर राहा आणि नवा लिफ्टवाला फ्लॅट भाड्यानं द्या. नाही आवडलं तर आपलं घर, आपले शेजारी आणि खाली खेळणारी पोरं आहेतच.

विकत घेणं परवडतं ते अशांना, ज्यांना त्या पैशाची मुलांसाठी गरज नाही, ज्यांच्या संकुलात त्याच आवारात शुश्रूषेची सोय आहे, आणि वाढीची मर्यादा करारात लिहिलेली आहे. यातलं एकही नसेल तर नुसत्या 55 च्या अटीसाठी जास्त भाव देण्यात मला अर्थ दिसत नाही. शांतता साध्या सोसायटीतही मिळते आणि न्हाणीघरातला कठडा प्लंबर एका दुपारीत बसवतो.

तरी घ्यायचंच ठरलं, तर टोकनचा चेक देण्याआधी करारनाम्याचा मसुदा, सेवाकरार आणि उपविधी तिन्ही घरी आणा, बिल्डरनं सुचवलेल्या नव्हे तर स्वतःच्या वकिलाला दाखवा. मसुदा घरी न्यायला देत नसतील तर चहा पिऊन परत या.